रस्त्यावरून दिसणारी कोठी

२९ मे

प्रिय रेजिस,

तुझा पत्ता आत्याने दिला. देताना तिने बजावलं, "मी दिला असं लिहू नकोस." लिहून टाकलं. नऊ वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत दिलेला शब्द मोडला.

आधी हे सांगते, की बाबा ठीक आहेत. मार्चमध्ये त्यांच्या खुब्याचा सांधा बदलला. आता दोन कुबड्यांवर अंगणापर्यंत जातात आणि तिथून मला सूचना देतात. मी ल्योंमधल्या शाळेच्या ग्रंथालयातून रजा घेऊन इथे आले आहे. लोकांना मी "दोन महिन्यांसाठी" असं सांगितलं. अर्जात वर्षाची मागितली होती. असं का केलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं, निदान मी तशी समजूत करून घेतली होती.

कळवायचं ते हे. सँ-मार्तँच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, आपल्या कुरणांचा भाडेकरार संपतो, आणि बाबा या वेळी तो पुढे चालवणार नाहीत. कुरणांच्या मालकीणबाई मादाम शानूंना तसं सांगूनही झालं आहे. वासरं नेहमीप्रमाणे विकली जातील आणि त्यांच्या मागोमाग गाईही जातील. "रेजिस नाही, तर कोणी नाही," एवढंच ते म्हणतात आणि सूप प्यायला लागतात. म्हणजे नोव्हेंबरनंतर या टेकडीवर आपलं एकही पांढरं जनावर असणार नाही.

मी फक्त कळवते आहे. माझं काही म्हणणं नाही.

आज सकाळी गवत गुडघ्याएवढं होतं. वासरं शेपट्या उभारून कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होती, थांबत होती, आपण का धावलो ते आठवत नसल्यासारखी बघत होती आणि पुन्हा धावत होती. पाण्याची बादली हातात घेऊन मी किती वेळ उभी राहिले, ठाऊक नाही. बादली रिकामी होती, हे नंतर लक्षात आलं.

सेव्हरीन


१८ जून

प्रिय रेजिस,

उत्तर आलं नाही, ते मी अपेक्षिलंही नव्हतं. पण मागच्या पत्रातलं "माझं काही म्हणणं नाही" हे वाक्य मला टोचत राहिलं. ते खोटं होतं. मला हा कळप हवा आहे.

हे बाबांना मी रविवारी जेवताना सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"तुला? बसलेली गाय उठते ती पुढून की मागून, ते तरी माहीत आहे?"

"मागून."

"पुस्तकात वाचलंस."

"रोज सकाळी बघते, बाबा."

"आणि गाडी मागे घेताना फाटकाचा खांब पाडलास तोही रोज सकाळी बघतेस का?"

खांब खरंच मी पाडला होता. मग ते बराच वेळ चीज कापत राहिले. शेवटी म्हणाले, "ऐक, मास्तरीणबाई. सँ-मार्तँच्या आधी लाकोत वासरं न्यायला येईल. ती माझ्या वासरांसारखी दिसली, तर बोलू. नाही दिसली, तर तोंडातून एक शब्द न काढता गाईंनासुद्धा गाडीत चढवायचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं. लाकोत तोच आहे, तू होतास तेव्हाचा व्यापारी, तोच काळा डगला आणि तीच काठी. त्याचा डोळा फसत नाही, म्हणूनच बाबांनी त्याला पंच नेमलं.

आता अवघड भाग. जी जागा मी मागते आहे ती तुझी आहे. तू गेलास म्हणून ती रिकामी झाली, मी लायक आहे म्हणून नव्हे. मी स्वतःला विचारते: मला खरंच गाई हव्या आहेत, की चव्वेचाळिसाव्या वर्षी ग्रंथालयाच्या खिडकीतून तेच पार्किंग बघायचा कंटाळा आला आहे? दोन्ही असेल. पण सकाळी फाटक उघडताना मला जे वाटतं, ते कंटाळ्यातून आलेलं वाटत नाही.

तेव्हा सरळ विचारते. तुला हे हवं आहे का? हवं असेल तर एक ओळ लिही, मी बाजूला होईन आणि मनापासून होईन. "मनापासून" हा शब्द मी लिहिला, खोडला आणि पुन्हा लिहिला आहे. खाडाखोड दिसतेच आहे.

सेव्हरीन


३ जुलै

प्रिय रेजिस,

पाऊस नाही. तुमच्या बेटावर आता ऊसतोड सुरू झाली असेल आणि समुद्रावरून वारा येत असेल. इथे वारासुद्धा तापलेल्या तव्यावरून आल्यासारखा येतो. वरचं कुरण जूनमध्येच पिवळं पडलं, खालचं आता पडतंय. गाई ओकच्या सावलीत बसून राहतात. गवत नाही म्हणून दूध नाही, आणि दूध नाही म्हणून वासरं आईच्या पोटाखाली डोकं घालून ढुशा देत राहतात.

सगळ्यांत वाईट अवस्था तार्तीनची आहे. ती फाँफारची कालवड. हो, फाँफार अजून आहे. जन्मताना तूच तिला दोऱ्या लावून बाहेर ओढलंस, तूच नाव ठेवलंस, आणि आता ती कळपातली सगळ्यांत म्हातारी आहे. दरवर्षी बाबा म्हणतात, "हिला पुढच्या वर्षी काढू." मी कारण विचारलं तर म्हणाले, "पाय चांगले आहेत." तिचे पाय चांगले नाहीत, रेजिस.

मी बाबांना म्हटलं, वासरांना कुरणातच कोठी ठेवून तिच्यातून खुराक देऊ, म्हणजे दुधाची तूट भरून निघेल. त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. कदाचित तू तो बघितला आहेस.

"कुरणात कोठी ठेवायची म्हणजे चौकात उभं राहून ओरडायचं, की या आन्सेल्मच्या गाईंना दूध नाही."

"पण दूध नाहीच आहे, बाबा."

"ते मला माहीत आहे. ते फिलिबेरला माहीत असायची गरज नाही."

तुझं आणि बाबांचं नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी नेमकं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी तेव्हा ल्योंला होते. मला कळलं ते एवढंच, की तू कोठी विकत आणून कुरणात ठेवलीस, समोरचा फिलिबेर रस्त्यावर सायकल थांबवून बघत राहिला, आणि बाबांनी संध्याकाळच्या आत ती तुला बाहेर काढायला लावली. पुढच्या आठवड्यात तू गेलास. कोणी कोठीपायी घर सोडत नाही, आणि कोठीपायी मुलाला घालवतही नाही. पण सुरुवात तिथून झाली, एवढं खरं.

ती कोठी शेडमागे खाजकुयलीत पडून होती. काल मी विळा घेऊन तिच्यापर्यंत पोचले. पत्रा शाबूत आहे, गव्हाणीत कोणीतरी घरटं केलं होतं, आणि भोवतीच्या पिंजऱ्याच्या उभ्या दांड्या गंजून जाम झाल्या होत्या. त्याच तर सगळ्यांत महत्त्वाच्या. वासरू आत शिरलं पाहिजे आणि आई बाहेर राहिली पाहिजे. तेल ओतून, हातोडीने ठोकून मी त्या सैल केल्या. माझे हात कोपरापर्यंत फोडांनी भरले आहेत.

बाबा अंगणातून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "ठेव. पण ओढ्यापलीकडच्या कोपऱ्यात, झाडोऱ्याच्या आड. रस्त्यावरून दिसता कामा नये."

मी जिंकले असं मला वाटतंय. कोपरा कुठला याचा मी अजून विचार केलेला नाही.

सेव्हरीन


२४ जुलै

प्रिय रेजिस,

कोठीकडे एकही वासरू फिरकलं नाही.

जव आणि वाटाण्याचा भरडा, त्यात थोडी जवसाची पेंड. वास इतका छान, की मी स्वतः चिमूटभर खाऊन बघितला. पण ओढ्यापलीकडे गाई जात नाहीत. तिथे सावली नाही, पाणी नाही, चाटायला मिठाचा खडा नाही. आणि आई जिथे जात नाही तिथे वासरू कशाला जाईल? गेले दोन आठवडे मी त्या कोपऱ्यात साळुंक्या पोसते आहे. त्या आता धड उडतही नाहीत, चालत चालत झुडपात जातात.

एका पत्रकात मी वाचलं, की पहिल्या दिवशी पिंजरा उघडा ठेवावा, म्हणजे आया आत येतात, त्यांच्यामागून वासरं येतात आणि शिकतात. मी गव्हाणीत थोडासाच भरडा ठेवला, दांड्या बाजूला सरकवल्या, मिठाचा खडा दाखवत गाईंना ओढ्यापलीकडे नेलं. इथपर्यंत मी स्वतःवर खूष होते.

आया आल्या, खरंच आल्या. सगळ्या एकदम आल्या. गव्हाण रिकामी व्हायला मला फाटक लावायला लागला तेवढाच वेळ लागला. भरडा थोडा होता म्हणून, नाहीतर कोणाचं पोट फुगलं असतं आणि हे पत्र निराळं झालं असतं. वासरं लांबून आयांच्या पार्श्वभागांकडे बघत होती, तेवढंच त्यांचं शिक्षण झालं. आणि फाँफार मागून आली, सरकवलेल्या दोन दांड्यांमध्ये मान घातली, काही मिळालं नाही म्हणून मागे सरली, तर मान निघेना. मग तिने सरळ चालायला सुरुवात केली. पिंजऱ्याची अख्खी एक बाजू खुंट्यांतून निघून तिच्या गळ्यात आली. ती गळ्यात घालून ती ओढा ओलांडून, सगळं कुरण ओलांडून, शांतपणे रस्त्याच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली.

आणि रस्त्यावर कोण असणार? फिलिबेर, सायकलसकट.

बाबा तोपर्यंत कुबड्या टेकत फाटकापर्यंत आले होते.

"काय रे आन्सेल्म," फिलिबेर म्हणाला, "तुझ्या गाई हल्ली कुंपण बरोबर घेऊन फिरतात?"

"हो," बाबा म्हणाले. "खांब ठोकायचा खर्च वाचतो."

"नवीन पद्धत दिसते."

"पोरगी शिकलेली आहे."

फिलिबेर टोपीला हात लावून गेला. मी लाजेने मेले होते. मी फाँफारची मान सोडवत होते आणि बाबांचे खांदे हलत होते. मला वाटलं, त्यांना दुखतंय. मी वळून बघितलं तर ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मीही गवतात बसले आणि हसले, आणि फाँफार आमच्याकडे, या दोघांना काय झालं, अशा नजरेने बघत रवंथ करत राहिली.

वासरांचं मात्र काहीच भलं झालं नाही.

सेव्हरीन


१४ ऑगस्ट

प्रिय रेजिस,

आज आनंदाची बातमी आहे, पण ती क्रमानेच सांगते, नाहीतर तुला पटणार नाही.

मी बाबांना म्हटलं होतं, कोठी पाण्याच्या टाकीपाशी नेऊ या. गाई दिवसभर तिथे, ओकची सावली तिथे, मिठाचा खडा तिथे. बाबा म्हणाले, "टाकी रस्त्याला लागून आहे." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग?" आणि विषय संपला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोललो. मी रोज वासरांकडे बघायचे आणि मनात लाकोतची काठी दिसायची. त्यांच्या पाठीचा कणा वरून मोजता येत होता. सँ-मार्तँची गाडी येणार, गाई चढणार आणि मी कबूल केल्याप्रमाणे गप्प राहणार, हे मी जवळजवळ मान्य करून टाकलं होतं. ल्योंला परत जायच्या गाड्यांची वेळ बघितली, हेही सांगून टाकते.

काल सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजाने जाग आली. मला वाटलं, फिलिबेरचा असेल. खाली आले तर बाबांची खुर्ची रिकामी, कॉफीचा वाडगा अर्धा, आणि एक कुबडी दाराला टेकलेली. एकच.

धावत बाहेर गेले. कोठी टाकीपाशी होती. ओकखाली, सपाट जागी, रस्त्यापासून हात लांब केला तर लागेल अशी. पिंजऱ्याच्या सगळ्या बाजू खुंट्यांत बसवलेल्या. बाबा ट्रॅक्टरवर बसून होते, कारण चढले होते पण उतरता येत नव्हतं.

"बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?"

"लांब चालायचं नाही असं सांगितलंय. मी चालत आलो नाही."

"पाय निसटला असता म्हणजे?"

"ओरडू नकोस, वासरं बिचकतील. आधी मला उतरव."

उतरवताना मी विचारलं, का? त्यांनी आधी कुबडी काखेत घेतली. मग म्हणाले, "ती दुर्बीण तू खिडकीत ठेवलीस ही तुझी चूक." रानडुकरं बघायची जुनी दुर्बीण. त्यांना दिवस जावा म्हणून मी ठेवली होती. "तार्तीन काल त्या दुसऱ्या गाईच्या, मिराबेलच्या, कासेला लागायला गेली. मिराबेलने लाथ मारून तिला लांब फेकली. पोरगी उठली आणि परत गेली. परत लाथ. तिसऱ्यांदा गेली नाही, नुसती उभी राहिली." ते कोठीकडे बघत होते. "फिलिबेरला जे म्हणायचं ते म्हणू दे."

आम्ही दोघं कुंपणाला टेकून उभे राहिलो. गाई पाण्याला आल्या, त्यांच्याबरोबर वासरं. गाईंनी दांड्यांना नाकं लावून बघितलं, शिंकल्या आणि सावलीत जाऊन बसल्या. सगळ्यांत आधी आत गेली ती तार्तीन. तिला गमावण्यासारखं काही नव्हतं. आधी डोकं, मग एक खांदा, मग अंग चोरून सगळीच्या सगळी. गव्हाणीत नाक घातलं, फुंकर मारली, भरडा तिच्या डोळ्यांत उडाला. मग तिने खायला सुरुवात केली. रेजिस, ती खातानाचा आवाज येत होता. बाहेरून फाँफार दांडीला मान घासत तिच्याकडे बघत होती.

दुपारपर्यंत आत जायला रांग लागली होती.

बाबा म्हणाले, "ती हावरी आहे. आईवर गेलीय." आणि मग, थोडं थांबून, "तो बरोबर होता." कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण तुला सांगायला हवं असं मला वाटलं. ही चहाडी असेल तर असो.

सेव्हरीन


११ सप्टेंबर

प्रिय रेजिस,

फिलिबेरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

कोठी टाकीपाशी आल्यावर तो तीन-चार वेळा रस्त्यावरून गेला. सायकल हळू करायचा, काही न बोलता जायचा. बाबा प्रत्येक वेळी खिडकीतून म्हणायचे, "गेला. आता गावभर करेल." गावात मात्र कोणी काही बोलेना. पाव आणायला गेले तर पाववाल्या बाई नेहमीसारख्याच बोलल्या. हा शांतपणा बाबांना चिडवण्यापेक्षा जास्त लागला.

मग एका संध्याकाळी फिलिबेर स्वतःच्या प्लमच्या दारूची बाटली घेऊन दारात उभा. बसला, प्याला भरला, बाबांचा भरला, माझाही भरला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आन्सेल्म, एक विचारू? त्या कोठीत तू पेंड किती घालतोस?"

"तुला कशाला?"

"माझी वासरं पेंड बाजूला काढतात आणि जव तेवढे खातात."

बाबांनी प्याला खाली ठेवला. "तुझी वासरं? कुठे खातात?"

"तळ्यामागे," फिलिबेर म्हणाला. "बरीच वर्षं झाली."

"कसलं तळ्यामागे?"

"कोठी रे. वेलींनी झाकलीय. तुला दिसू नये म्हणून." तो बाटलीवरचा कागद नखाने खरवडत राहिला. "तू त्या वेळी रेजिसला ती काढायला लावलीस ना, मी सायकलवरून बघत होतो. मी चौकशी करायला थांबलो होतो, कुठून घेतली ते. तू इतका भडकलास, की मला वाटलं, हे आन्सेल्मला कळलं तर माझी गावात छी-थू होईल."

मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला भीती वाटली. नऊ वर्षं ज्या माणसाच्या नजरेला भिऊन त्यांनी कोठी खाजकुयलीत टाकली, तो माणूस त्यांना भिऊन आपली कोठी वेलींनी झाकत होता. आणि मधल्यामध्ये तू गेलास.

शेवटी बाबा म्हणाले, "गाढवा."

"मी?"

"दोघंही. भर."

त्यानंतर जे झालं ते मला लिहिताना अजून हसू येतंय. फिलिबेरने दुसऱ्याच दिवशी वेली तोडल्या आणि कोठी ओढून आपल्या फाटकापाशी आणली. रविवारी चर्चवरच्या चढावरून मी बघितलं तर खालच्या वळणावर आणखी एक उभी. मग पुलापाशी एक. पाववाल्या बाईंच्या दिराची तर हिरवी रंगवलेली, इतकी जुनी, की तिच्यावर शेवाळ होतं. अख्ख्या दरीत प्रत्येकाकडे होती आणि प्रत्येकाने ती शेजाऱ्यापासून लपवली होती. बाबा दुर्बिणीतून एकेक शोधतात आणि मला हाका मारतात: "ये, ये, मेयरचीसुद्धा निघाली."

सेव्हरीन


९ ऑक्टोबर

प्रिय रेजिस,

तुझं कार्ड आलं.

पोस्टमनने ते बाबांच्या हातात दिलं, कारण मी कुरणात होते. मी आले तेव्हा ते टेबलावर उपडं ठेवलेलं होतं, ज्वालामुखीची बाजू वर, आणि बाबा त्यापासून शक्य तितक्या लांब बसून वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र कालचं होतं.

"तुझं पत्र आलंय," ते म्हणाले. "मी वाचलं नाही."

"बरं."

"दांड्यांमधली फट रुंद करायला सांगतोय तो. वासरं आता जाडी झाली असतील, बाहेर राहतील म्हणतो."

मी कार्ड घेऊन शेडमध्ये गेले आणि तिथे वाचलं. दांड्यांची सूचना सोडून तुझ्या बाकीच्या ओळी मला पाठ झाल्या आहेत, तरी इथे लिहिते, म्हणजे तू खरंच त्या लिहिल्यास याची मला खात्री पटेल. "मला नको. तुला मिळालं तर मला बरं वाटेल. पण विचारलंस, हे चांगलं केलंस. फाँफार आहे हे कोणी सांगितलं नव्हतं."

मी रडले. मग दांड्यांमधली फट रुंद केली. तू म्हणालास ते बरोबर होतं. दोन गोऱ्हे तीन दिवस बाहेर उभे राहून नुसती मान आत घालत होते आणि मला ते आळशी वाटत होते.

सप्टेंबरअखेर पाऊस आला आणि कुरण पुन्हा हिरवं झालं. गाई भरल्या आहेत. तार्तीन आता इतकी भरली आहे, की पाठीवर मधोमध पन्हळ पडली आहे, पाऊस पडला तर तिच्यात पाणी साचेल. मला शांत वाटायला हवं. पण लाकोत यायचा आहे. कोठीने वाढलेली वासरं त्याला आवडत नाहीत, नुसती चरबी असते म्हणतो, अशी बातमी फिलिबेरने आणली. त्यामुळे मी रोज सकाळी जाऊन त्यांच्या बरगड्यांवर हात ठेवते. चरबी आहे की मांस? मला वाटतं मांस. पण मला काय वाटतं याला किती अर्थ आहे?

तुझं कार्ड बाबांनी घड्याळामागे उभं करून ठेवलंय. ज्वालामुखी आत, अक्षर बाहेर.

सेव्हरीन


१२ नोव्हेंबर

प्रिय रेजिस,

लाकोत गेल्या आठवड्यात आला. काळा डगला, काठी, आणि तोच चेहरा, ज्यावर काही म्हणजे काही वाचता येत नाही. आम्ही वासरं वाड्यात घेतली होती. तो फाटकातून आत गेला आणि त्यांच्यामधून सावकाश चालत राहिला. एकाच्या कमरेवर हात ठेवला, दुसऱ्याच्या शेपटीच्या मुळाशी बोटं दाबली, तार्तीनला खालून वरपर्यंत बघितलं. मी कुंपणाची फळी इतकी घट्ट धरली होती, की नंतर नखात लाकडाचं कुसळ सापडलं. बाबा आता एका काठीवर चालतात. ते फाटकापाशी उभे होते, आणि जन्मभर वासरं विकलेला माणूस असूनही त्यांनी टोपी दोनदा काढली आणि दोनदा घातली.

लाकोत परत आला. म्हणाला, "आन्सेल्म, ही तुझ्या वासरांसारखी नाहीत."

बाबांनी घातलेली अट तीच होती. शब्दसुद्धा तेच होते.

"तुझी उंच असायची," लाकोत पुढे म्हणाला, "पण मागून अरुंद. यांची कंबर बघ. असल्या उन्हाळ्यात. मला वाटलं होतं, या दरीतून हाडं घेऊन जावी लागतील." त्याने कोठीकडे काठी केली. "त्याच्यातून?"

"त्याच्यातून," बाबा म्हणाले.

"चरबी नाही धरली. कोणीतरी हात राखून घातलंय. बरं, बोल, काय भाव?"

बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "भाव तिच्याशी कर," ते म्हणाले. "माझी नाहीत."

आणि घराकडे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही. मी आणि लाकोत एकमेकांकडे बघत राहिलो. मला भाव करता येत नाही, रेजिस. मी जो आकडा सांगितला त्यावर तो इतक्या लगेच हो म्हणाला, की तो कमी होता हे मला त्याच क्षणी कळलं. मग मी म्हटलं, "तार्तीन द्यायची नाही. ती कळपात राहणार." त्यावर मात्र त्याने बराच वाद घातला. मी नाही म्हणत राहिले. शेवटी त्याने हात पुढे केला आणि आम्ही टाळी दिली, सौदा पक्का करताना देतात तशी. तळहात संध्याकाळपर्यंत चुरचुरत होता.

काल सँ-मार्तँ. मादाम शानूंच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. करारावर कोणाचं नाव घालायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाबांनी मला कोपराने ढोसलं, जशी मी वर्गातली मुलगी आणि उत्तर मला येत होतं. मी सही केली. सहीच्या वेळी मला काहीतरी गंभीर वाटेल अशी माझी कल्पना होती. मला फक्त भूक लागली होती. घरी येताना बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि टाकीपाशी उतरून गाई बघितल्या. गाई पुढच्या वासरांनी जड झाल्या आहेत. फाँफारसुद्धा, या वयात. "पाय चांगले आहेत," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "हो."

मी ल्योंला राजीनामा पाठवला आहे. मला भीती वाटते. पण सकाळी उठल्यावर आधी भूक लागते आणि मग भीती आठवते, तेव्हा ती फार मोठी नसावी.

हे पत्र इथे संपत होतं. पण बाबा केव्हाचे टेबलाच्या पलीकडे बसून माझ्या पेनकडे बघत आहेत. आताच म्हणाले, "जागा उरलीय का खाली?" उरली आहे. मी पेन त्यांना देते आणि चुलीत लाकूड घालायला जाते. ते काय लिहितील ते मी वाचणार नाही.

सेव्हरीन


रेजिस,

तुझी बहीण कोठी ठीक सांभाळते. पण तिला ट्रॉली मागे घेता येत नाही. आणखी एक खांब गेला. मला आता तिच्याशेजारी ट्रॅक्टरवर चढून शिकवता येत नाही, आणि फिलिबेरला शिकवायला सांगितलं तर उरलेले खांबही जातील.

भरड्यात तू पेंड किती घालायचास ते लिही. फिलिबेरला माहीत नाही आणि मी त्या वेळी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीत गाई व्यायला लागतात. तुझी वरची खोली कोरडी आहे.

बाबा